वेष्टनामागचा कलावंत



बाजारातून आणलेल्या वस्तूचे वेष्टन घरी येताच फाडून टाकले जाते. त्यासाठी कोणी महिनोन्महिने डोके झिजवले असेल, हा विचार क्वचितच मनात येतो. चित्रकलेकडे वळू पाहणाऱ्या मुलाला मात्र घरोघरी आजही विचारले जाते, ‘यावर पोट भरेल का?’

धुंडिराज गोविंद फाळके यांना सारे चित्रपटमहर्षी म्हणून ओळखतात. परंतु त्यांची उमेदीची वर्षे छपाईच्या शाईत गेली. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, पुढे बडोद्याचे कलाभवन, १९०३ पासून पुरातत्त्व खात्यातील नोकरी, ती सोडून लोणावळ्यास छपाईचा उद्योग आणि १९०९ साली रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी जर्मनीचा प्रवास, असा तो मार्ग होता. भागीदारीत मतभेद झाले आणि चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ रिकाम्या हाताने बाहेर पडला. हात रिकामे असले तरी कसब गेले नव्हते. छायाचित्रण, रसायने आणि यंत्रे यांची जाण त्यांच्यापाशी होती. ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ला तीच उपयोगी पडली.

फाळक्यांना जे ठेचा खात शिकावे लागले, त्याचे रीतसर शिक्षण १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय संस्था निघाल्यावर मिळू लागले. तेथून शिकून आलेल्या तरुणांनी १९८९ साली आपल्या पुण्यात ‘एलिफंट’ ही संस्था स्थापन केली. अश्विनी देशपांडे या तिच्या संस्थापकांपैकी एक. २०१३ साली बाजारात आलेल्या ‘पेपर बोट’ पेयाचे वेष्टन याच संस्थेने घडवले. कैरीचे पन्हे आणि जलजिरा ही घरातली पेये; त्यांना चकचकीत थाट न देता साधी चित्रे व सौम्य रंग दिले. आजोळची आठवण त्या पिशवीत उतरली.

परंतु हे काम केवळ कल्पनेने होत नाही. ते छापखान्यात उभे राहून शिकावे लागते. ग्रॅव्हुअर पद्धतीने पिशवी छापताना प्रत्येक रंगाला स्वतंत्र कोरीव सिलिंडर लागतो. एक रंग वाढला की खर्च वाढला. रंग केसभर सरकला तर बारीक अक्षरे दुहेरी दिसतात. खोक्याची चिकटवायची पट्टी कोरी ठेवावी लागते, कारण शाईवर गोंद नीट धरत नाही. बारकोडच्या रेघा लाल रंगात छापल्या तर लाल प्रकाशाच्या यंत्राला त्या दिसतच नाहीत. अशी एक चूक हजारो प्रती रद्दीत घालते. म्हणून आरंभी दोन-चार वर्षे छपाई, कटाई व घडाई पाहण्यात गेली, तर ती वाया गेली असे पालकांनी मानू नये. तीच खरी उमेदवारी होय.

याहून मोठी जबाबदारी सत्याची आहे. निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता छापणे २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. शाकाहाराचा हिरवा ठिपका तर आपल्या घरातील गृहिणी सर्वांत आधी शोधते आणि मग घटकद्रव्यांची यादी वाचते. फळाचे चित्र ठसठशीत आणि यादी मुंगीच्या पावलांएवढी, असे वेष्टन कितीही देखणे असले तरी ते ग्राहकाची फसवणूकच करते. ते मोहक करावे की वाचनीय, हा निर्णय अनेकदा त्या अनाम कलावंताच्या टेबलावरच होतो.

तेव्हा घरातील मुलाने अथवा मुलीने ही वाट धरली, तर ‘पोट भरेल का’ याबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, ‘तू खरे तेच छापशील ना?’ या दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर त्या मुलाला आनंदाने आशीर्वाद द्यावा.