मंद आचेवरचे दाणे

शेंगदाण्याची खरी चव भाजण्यात असते, श्रोतेहो.

जाड बुडाची कढई घ्यावी.
आच मंद ठेवावी.
साल चिमटीत सुटू लागली, की गॅस बंद.
दाणे लगेच ताटात काढावेत.
तापल्या कढईत ते करपतात.

अशा दाण्यांच्या कुटाची उपासाची आमटी झटपट होते.
कूट पाण्यासोबत बारीक वाटावे.
तुपात जिरे आणि हिरवी मिरची घालावी.
वाटण, आमसूल, गूळ, मीठ...
आणि एक उकळी.

कोकणात उन्हाळ्यात ओल्या काजूगरांची उसळ करतात.
एरवी भिजवलेले सुके काजू चालतात;
ती चव मात्र येत नाही.

नानकटाईत थोड्या मैद्याऐवजी बदामाची पूड घालावी.
मिक्सर थांबत थांबत फिरवावा,
नाहीतर बदामाला तेल सुटते.
ओव्हनची आचही मंदच हवी.
गरम नानकटाई मऊ लागते;
गार झाली, की खुसखुशीत होते.