अधू शरीर आणि संसार



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा थोडी झाली. कायद्याची पुस्तके मात्र गरजेपोटी वाचावी लागली. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. अंगठा तुटला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली असे ते धरत असे. दोन्ही हात गेले तर शेकडा १००. अकलूजच्या या पंचक्रोशीत ऊस आहे, कारखाना आहे, मळणीयंत्रे आहेत. तेव्हा या हिशेबाची गरज आम्ही जाणतो. पण तो हिशेब मजुरीचा. लग्नाच्या बैठकीतही आपण हेच कोष्टक उघडून बसतो, याला आमची हरकत आहे.

कायदाही फार दिवस असाच वागला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानले. पुढे औषधांनी रोग पुरता बरा होऊ लागला. तरी ते कलम २०१९ सालीच गेले. २०१४ साली राज्याने अव्यंगाने अपंगाशी लग्न केल्यास ५० हजार रुपयांचे साहाय्य ठेवले. हेतू चांगला, मात्र त्यावरून अव्यंगाने उपकार केला असे कोणी समजू नये.

आता सभेत सहसा कोणी बोलत नाही ते बोलतो. आतड्याच्या कर्करोगात कधी पोटावर आतड्याचे तोंड काढून त्यावर पिशवी लावतात. त्याला स्टोमा म्हणतात. माणूस बरा होतो, कामावर जातो. अंथरूण मात्र वेगळे घालतो. बायकोला वाटते, याचे मन उडाले. त्याला वाटते, हिला किळस येते. न विचारताच दोघांनी निकाल दिलेला असतो! वास्तविक त्या तोंडाला स्पर्शाने वेदना होत नाही. पिशवी आधी रिकामी करून वर कापडी पट्टा बांधला की पतिपत्नींनी जवळ येण्यास हरकत नाही. शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावून शरीरसुखात अडचण येऊ शकते. ती डॉक्टरांना विचारावी, लाजू नये. उपाय असतात.

आणि ज्याचे लग्न व्हायचे आहे त्याने, किंवा तिने, ही गोष्ट ठरण्यापूर्वी स्वतःच्या तोंडाने सांगावी. मध्यस्थावर सोपवू नये.

संघटनेत आम्ही एक धडा शिकलो. ज्याचा प्रश्न, त्याला बोलणीत बसवल्याशिवाय केलेला करार टिकत नाही. अधू मुलामुलींच्या लग्नाची बोलणी मामा-काका करतात आणि ती आतल्या खोलीत बसून ऐकतात. मुलीच्या वाट्याला तर ही आतली खोली जन्मभर येते. त्यांना बाहेर बोलवा, आणि आधी त्यांचे ऐका. एवढेच आमचे मागणे आहे.