दुसरी प्रत कोठे ठेवावी?



बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. विक्रम संवत 1646 चा, म्हणजे इ. स. 1590 चा हा लेख फारुकी राजांची वंशावळ सांगतो. दगडालाही झीज आहेच. परंतु रायबहादूर हिरालाल यांनी त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून तो दूरदूरच्या ग्रंथालयांतही सुखरूप आहे. संगणकवाले ज्याला ‘बाहेरगावचा बॅकअप’ म्हणतील, तो हाच.

प्रत नसली म्हणजे काय होते, हे ‘लीळाचरित्र’ सांगते. म्हाइंभटांची मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा मानते. शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला खरा, पण त्याचे पाठ अनेक झाले. ती स्मरणशक्ती धन्यच. आजच्या विद्यापीठाने मात्र तिच्यावर विसंबू नये!

विद्यापीठाच्या विभागात प्रबंध, बोलींची ध्वनिमुद्रणे, क्षेत्रपाहणीच्या नोंदी, प्रयोगांची आकडेवारी असा वर्षानुवर्षांचा संचय असतो. पुष्कळदा तो एका संगणकात असतो आणि त्याची प्रत त्याच टेबलाच्या खणात. आग लागली तर दोन्ही एकदमच जातील. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक परगावी, असा संकेत रूढ आहे. परगाव निवडतानाही विचार हवा. बऱ्हाणपूरचा संग्रह भुसावळला तापीकाठच्या तळघरात नेला, तर नदी तीच आणि पूरही तोच.

केवळ अंतर पुरत नाही. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात बॅकअप घेणाऱ्या प्रणालीतील दोषानेच सुमारे 77 टेराबाइट माहिती पुसली गेली. चौदा संशोधनगटांना झळ लागली आणि त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळवता आली नाही. मूळ संगणकाशी अखंड जोडलेली प्रत मुळातील चूकही तत्परतेने उतरवून घेते. म्हणून एखादी प्रत जोडणीपासून अलग, चुंबकीय फितीवर वा सुट्या डिस्कवर, ठेवणे शहाणपणाचे. तीही अधूनमधून उघडून, त्यातील फाइली प्रत्यक्ष परत उतरवून पाहिल्या पाहिजेत. न तपासलेली प्रत म्हणजे वाळवी लागली की नाही हे न पाहता बंद ठेवलेले कपाट.

राहिला किल्लीचा प्रश्न. परगावी जाणारी माहिती सांकेतिक कुलपात घालूनच पाठवावी; पण तो परवलीचा शब्द निवृत्त होणाऱ्या एकाच प्राध्यापकांना ठाऊक असता कामा नये. विभागप्रमुख आणि ग्रंथपाल, दोघांकडेही तो मोहोरबंद लिफाफ्यात असावा.