दिवाळीनंतरचं मतदान

(कल्याण येथे रविवार, दि. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात मी कामाचा अहवाल वाचते. या वेळी तो छापून आपल्या हातात दिला आहे, घरी गेल्यावर अवश्य वाचा. आज मला बोलायचं आहे ते एका तारखेबद्दल. बुधवार, २० नोव्हेंबर. त्या दिवशी आपल्या विधानसभेचं मतदान आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना त्या दिवशी सुट्टी असेल. चहा घेऊन, चालत केंद्रावर जाऊन, बोटाला शाई लावून आपण अर्ध्या तासात घरी येऊ. शहापूर आणि मुरबाडच्या ज्या वाड्यांमध्ये आपलं काम आहे, तिथल्या कितीतरी कुटुंबांना मात्र ही तारीख फार अवघड पडली आहे. का, ते सांगते.

मागच्या निवडणुकांच्या तारखा मी काढून पाहिल्या. २००४ साली विधानसभेचं मतदान झालं १३ ऑक्टोबरला. २००९ साली पुन्हा १३ ऑक्टोबर. २०१४ साली १५ ऑक्टोबर. २०१९ साली २१ ऑक्टोबर. चारही वेळा दिवाळीच्या आधी. दिवाळीपर्यंत आपली कातकरी आणि ठाकूर माणसं वाडीवर असतात. भात कापणीला आलेलं असतं, हाताला थोडं काम असतं. दिवाळी झाली की वीटभट्टीचा हंगाम. शेठची उचल आधीच घेऊन झालेली असते, कुणी गणपतीत घेतलेली, कुणी घरातल्या आजारपणात. टेम्पो वाडीच्या तोंडाशी येतो. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि मुलं चढतात, झोपडीला कुलूप लागतं. भिवंडी, कल्याण, पनवेल, वसई, जिथे भट्टी असेल तिथे सहा-सात महिने.

उद्या वसुबारस. भाऊबीज ३ नोव्हेंबरला. मतदान त्यानंतर सतरा दिवसांनी. म्हणजे या वेळी विधानसभेच्या मतदानाला वाडी रिकामी असणार. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण तारीख ठरवताना वीटभट्टीचं पंचांग कुणी पाहत नाही, एवढं खरं.

याची चव आम्ही मे महिन्यात घेतली आहे. भिवंडी लोकसभेचं मतदान २० मेला होतं. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही विधानसभा मतदारसंघ त्याच लोकसभेत येतात. आमच्या एका वाडीतली वयस्कर बाई भट्टीवरून स्वतःच्या पैशाने आली. दोन बस बदलल्या, पुढे पायी. रांगेत उभी राहिली आणि यादीत नावच नाही. पडताळणीला माणूस आला तेव्हा झोपडीला कुलूप असणार. केंद्राबाहेर झाडाखाली बसून तिने मला विचारलं, "ताई, आमचं नाव मेलेल्यांत टाकलं का गं?"

मी थिऑलॉजीचा डिप्लोमा करत होते तेव्हा जुन्या करारातलं गणना हे पुस्तक मला अतिशय कंटाळवाणं वाटायचं. नुसती नावं आणि आकडे. त्या झाडाखाली मला सलाफहादाच्या पाच मुली आठवल्या. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून पुसलं जाऊ नये, एवढं मागायला त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या होत्या. आणि देवाने त्यांचं म्हणणं बरोबर ठरवलं. तेव्हापासून मी मतदार यादी पानापानाने वाचते.

पावसाळ्यात याद्यांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम झाला, तेव्हा माणसं घरी होती. आमच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन फॉर्म भरले. त्या बाईचं नाव परत आलं आहे. पण माझ्या हातून झालेली एक चूकही आपल्याला सांगायला हवी. नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या एका मुलाचा सहा नंबरचा फॉर्म मी घेतला, फोटो लावला आणि तो माझ्या पिशवीतल्या वहीत राहिला. या निवडणुकीसाठी अर्ज देण्याची मुदत १९ ऑक्टोबरला संपली. फॉर्म मला सापडला २१ तारखेला. मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो रागावला नाही, "असू द्या ताई" म्हणाला, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्याचा फॉर्म आता दिला आहे. जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुकांना त्याचं नाव असेल. विधानसभेसाठी त्याला बहुधा पाच वर्षं थांबावं लागेल.

काही जण विचारतात, भट्टीवरूनच मत देता येत नाही का? येत नाही. टपाली मतदान यांच्यासाठी नाही. निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना डिसेंबर २०२२ मध्ये मांडली होती, ती अजून प्रत्यक्षात आलेली नाही. मग भट्टीच्या गावी नाव नोंदवावं का? भट्टी दर वर्षी बदलते. शिवाय शहापूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. तिथल्या आदिवासींनी आपलं नाव तिथून काढायचं म्हणजे आपल्या हाताने आपलं वजन कमी करायचं.

या वजनाबद्दल थोडं बोलते. एका पाड्यावर आम्ही मतदान यंत्राचं चित्र दाखवत होतो, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "मुख्यमंत्र्याचं बटण कुठलं?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नाही, शहरातही पुष्कळांचा तोच समज असतो. आपण निवडतो तो आमदार. सभागृहात २८८ आमदार. ज्याच्या मागे किमान १४५ उभे राहतील त्याचं सरकार. या २८८ मध्ये अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा २५. कुणाचंही सरकार येवो, २५ हा आकडा लहान नाही. तरी याच महिन्यात, ४ तारखेला, विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उडी मारली. धनगर समाजाला अनुसूचित जमातींत घेऊ नये आणि पेसा क्षेत्रातली नोकरभरती व्हावी, या त्यांच्या मागण्या होत्या. मागण्यांबद्दल आपली मतं वेगळी असू शकतील. पण सभागृहाच्या उपाध्यक्षालाही आपलं ऐकवण्यासाठी जाळीवर उतरावं लागतं, तर कुलूप लावून गेलेल्या वाडीचं कोण ऐकणार?

मुरबाड मतदारसंघ राखीव नाही, सर्वसाधारण आहे. पण त्या तालुक्यातली ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि शहापूर तालुका तर संपूर्ण येतो. तुम्हाला ठाऊकच आहे, मुंबईला पाणी देणारे भातसा आणि तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वनहक्काचे दावे, रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीतून खाली आणलेली बाळंतीण, आश्रमशाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा, हे सगळे विधानसभेत विचारायचे प्रश्न आहेत. उमेदवार हिशेब करतो. ज्या वाडीतून मतं येत नाहीत तिथे तो प्रचारालाही चढत नाही, आणि पुढची पाच वर्षंही नाही.

मत कुणाला द्यायचं, हे आम्ही वाडीवर सांगत नाही आणि इथेही सांगणार नाही. कृपा करून सभेनंतर मला बाजूला घेऊन विचारू नका! धर्माच्या नावावर मत मागणं कायद्याने भ्रष्ट आचार ठरतं. १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते आणखी स्पष्ट केलं. तो नियम इतरांना लागू असावा आणि आपल्याला नसावा, असं आपल्याला म्हणता येणार नाही.

गाड्यांचंही तेच. मागच्या महिन्यात एका बंधूंनी मोठ्या मनाने दोन गाड्या देऊ केल्या. मी नको म्हटलं. मतदारांना फुकट नेण्यासाठी उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने गाडी लावणं हाही भ्रष्ट आचार आहे. आपण उमेदवार नाही, हे खरं. पण वाडीत फुकट गाडी आली की ती कुणाची, हा प्रश्न येतो, आणि उद्या त्याचं उत्तर त्या गरीब माणसाला द्यावं लागतं. एसटीने स्वतःच्या तिकिटावर जाणं सगळ्यात स्वच्छ. बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना तिकीटच नाही.

खरी अडचण तिकिटाची नाही, खाड्याची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालाही, आणि त्याचं मत दुसऱ्या मतदारसंघात असलं तरीही. न दिल्यास मालकाला दंड आहे, पाचशे रुपयांपर्यंत. (आकडा ऐकून तुम्ही हसलात, भट्टीवालेही हसतात.) मे महिन्यात एका शेठने मला ऐकवलं, "मॅडम, आमच्याकडे पगार नाही, हजार विटांचा हिशेब आहे. विटा पाडल्या नाहीत तर कसले पैसे?" वर पाऊस तोंडावर आला होता. एका दिवसाच्या विटा पडल्या नाहीत की उचल तेवढी फिटत नाही, आणि नवरा-बायको दोघं गेले तर मुलांना भट्टीवर कोण पाहणार? सगळे भट्टीवाले असे नसतात. त्याच दिवशी दुसऱ्या एकाने आपल्याकडची माणसं पहाटे सोडली आणि त्या आठवड्याच्या खर्चीतून काही कापलं नाही.

म्हणून आज मी तुमच्याकडे पैसे मागत नाही. वाडीवर आमचे कार्यकर्ते दिवाळीत प्रत्येक घरी जात आहेत. मतदान कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं, पोस्टाचं पासबुक चालतं, रेशनकार्ड चालत नाही, आणि यातला कुठलाही कागद शेठकडे ठेवायचा नाही, हे सांगत आहेत. यादीतला अनुक्रमांक प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून देत आहेत. संध्याकाळी सहाच्या आत रांगेत उभं राहिलं तर मत देता येतं, हेही सांगत आहेत, कारण लांबून येणारा माणूस उशीर झाला म्हणून वाटेतून परत फिरतो.

पण भट्ट्या तुमच्या बाजूला आहेत. कल्याण, टिटवाळा, पडघा, भिवंडी या पट्ट्यात तुमच्यापैकी कितीतरी जण राहतात. काही जण बांधकामाच्या धंद्यात आहेत आणि या शेठ लोकांकडून विटा घेतात. माझं न ऐकणारा शेठ गिऱ्हाइकाचं ऐकतो. २० तारखेच्या आधी दोघातिघांनी मिळून एकदा भट्टीवर जायचं, पगारी सुट्टीच्या कलमाचा कागद द्यायचा, भांडायचं नाही, विचारायचं: तुमच्याकडे शहापूर-मुरबाडची किती माणसं आहेत आणि त्यांना मंगळवारी संध्याकाळी सोडाल का? त्या दिवशी लहान मुलं मागे राहणार असतील तर आपल्या महिला मंडळाच्या दोघी तिथे दिवसभर बसू शकतील का, तेही पाहायचं.

दाराजवळच्या टेबलावर कलम १३५ब चे छापील कागद ठेवले आहेत. शेजारी एक वही आहे. तुमच्या माहितीतल्या भट्टीचं गाव आणि तुमचा फोन नंबर तिच्यात लिहून जा. कोणती वाडी कोणत्या भट्टीवर गेली, ते आम्हाला भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवसांत कळेल. मग मी एकेकाला फोन करीन.