फौज परत केव्हा बोलवावी?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परक्या देशात पाठवलेली फौज परत केव्हा आणायची, हा दिल्लीवाल्यांचा प्रश्न. आपण काहून बोलायचे, असे कोणी म्हणेल. पण फौजेत जाणारी पोरं आपल्यासारख्याच वस्त्यांतून जातात. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून हा प्रश्न आम्ही घरचाच समजतो.

लंका म्हटले की आपल्याला महेंद्र आणि संघमित्रा आठवतात. सम्राट अशोकाने तिकडे धम्म पाठवला. १९८७ साली मात्र भारताची फौज गेली. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि आपल्या जवानांनी शांतता राखायची, असे ठरले. म्हणून नाव पडले शांतिसेना. पण ऑक्टोबरातच लिट्टेशी लढाई जुंपली. ज्या तमिळांच्या रक्षणाला गेलो, त्यांच्याच गावांत गोळ्या चालू लागल्या.

२५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री आठव्या महार बटालियनच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असतानाही शेवटच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या बेटावर आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले.

त्यांच्या शौर्याबद्दल कोणाला शंका नाही. आमचा सवाल निर्णय घेणाऱ्यांना आहे. ज्या कामाला पाठवले ते कामच बदलले, त्याच दिवशी बसून विचार व्हायला पाहिजे होता. तो लांबत गेला. जून १९८९ मध्ये लंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीरपणे सांगितले, की आता फौज न्या. तरी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली ती २४ मार्च १९९० ला. मद्रासला तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. यात बिचाऱ्या जवानांचा काय दोष?

आता दुसरे उदाहरण पाहा. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. मार्च १९७२ मध्ये आपल्या फौजेने ढाक्यात निरोपाचे संचलन केले. तीन महिन्यांच्या आत! काम ठरलेले होते, ते झाले. कारभार हाती घ्यायला शेख मुजीबांचे सरकार होते, आणि तेच म्हणत होते की आता फौज न्यावी.

काही लोक म्हणतात, "इतके जवान शहीद झाले, आता माघार घेतली तर बलिदान वाया जाईल." हा हिशोब खोटा आहे. गेलेल्यांच्या नावावर आणखी पोरं कशी पाठवता? आम्ही गिरणीतली माणसं. ताण्याचा धागा तुटला की आधी माग थांबवतो. आतापर्यंत इतके कापड विणले म्हणून तसाच चालू ठेवला, तर पुढचेही वाया जाते. अमेरिका अफगाणिस्तानात २००१ पासून २०२१ पर्यंत राहिली. शेवटचे विमान उडण्याआधीच तिने उभे केलेले सरकार कोसळले होते.

पण उठलो आणि निघालो, असेही चालत नाही. लंकेत ज्या तमिळांनी आपल्या फौजेवर भरवसा ठेवून प्रांताचा कारभार हाती घेतला, ते फौज निघताच उघड्यावर पडले. मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांना भारतात आसरा घ्यावा लागला. विश्वास ठेवणाऱ्यांची सोय लावणे, हाही निर्णयाचाच भाग आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. फौज पाठवतानाच संसदेत सांगा : काम कोणते, ते झाले हे कशावरून ओळखायचे, आणि त्या देशाने नको म्हटले तर किती दिवसांत निघायचे. दर सहा महिन्यांनी त्याचा हिशोब द्या. आणि परत आणण्याला हार म्हणू नका. पाठवायला एक सही पुरते. परत आणायला मन मोठे लागते. आपल्या दारी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा सवाल विचारा.

जयभीम! जय भारत!