शिडाचा दोर कुठे बांधावा?

कतारच्या जुन्या, तिरक्या शिडाच्या गलबतांना शिडाखाली आडवा दांडा नसे. दोर थेट शिडाच्या कोपऱ्याला. आजच्या छोट्या होडीला तो दांडा, म्हणजे बूम, असतो. मुख्य शिडाचा दोर बूमच्या टोकाला बांधला तर जोर कमी लागतो, पण दोर नेमका बसायच्या जागेत आडवा येतो. मध्यावर बांधला की जागा मोकळी. दोहाच्या उन्हात तिथे कापडी छत ताणता येतं. ओढ मात्र जवळपास दुप्पट! मग कप्प्या वाढवा. सहापदरी कप्पीत बूम मीटरभर खेचायला दोर सहा मीटर ओढावा लागतो, शिवाय घर्षण. आणि शमाल, म्हणजे इथला वायव्येचा वारा, वाढला की दोर चटकन सुटायला हवा. मी तरी टोकच निवडेन. छत नांगर टाकल्यावर.