काठमांडूचा चौथा खांब
(मंडळाच्या सभेत केलेले निवेदन)



अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला निरोप देतो, त्याच दिवशी काठमांडूत गणेश रथात बसतो. तिथे इंद्रजात्रा असते. कुमारीच्या रथाबरोबर गणेश आणि भैरव यांचेही रथ ओढतात, आणि त्यांत मूर्तीऐवजी लहान नेवार मुले देवरूपाने बसलेली असतात. आम्ही काही जण गेल्या वर्षी तो सोहळा पाहून आलो.

हे खोरे म्हणजे एके काळचे सरोवर. मंजुश्रीने तलवारीने डोंगर कापून पाणी सोडले, अशी कथा आहे. इथे सरोवर होते हे भूगर्भशास्त्रही सांगते. चोभारच्या त्या घळीतून आजही बागमती बाहेर पडते, आणि तिच्या काठी जलविनायक बसला आहे. भक्तपूरजवळच्या झाडीत सूर्यविनायक आहे. आपले अष्टविनायक, तसे या खोऱ्यातले चार विनायक.

अशोकविनायक मात्र भर शहरात, मरू चौकात आहे. शेजारीच काष्ठमंडप; शहराचे नाव त्यावरूनच पडले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो कोसळला. आत रक्तदान शिबिर चालू होते, माणसे दगावली. पुढे उत्खननात कळले की बाराव्या शतकातली समजली जाणारी ही वास्तू सातव्या शतकातल्या पायावर उभी होती. पाया भक्कम होता. पण चार मुख्य खांबांपैकी ईशान्येचा खांब आपल्या बैठकीच्या दगडात बसवलेलाच नव्हता. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत तो नुसता फरशीवर टेकवला होता. मूळ दगड मात्र खाली धडधाकट होता! आता मंडप पुन्हा लाकडातच उभा राहिला आहे. त्याच्या पायरीवर बसून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

कारण आपल्या सभागृहाच्या दुरुस्तीचा ठराव याच सभेपुढे आहे. आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून बांधलेली ही वास्तू. नवी फरशी जरूर बसवू; पण त्याआधी जुने नकाशे काढू, ज्यांनी बांधकाम पाहिले त्या वडीलधाऱ्यांना विचारू. खांब कशावर टेकला आहे हे एकदा पाहून घेऊ, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!